कपाशीवर फवारणी करणाऱ्या मजुरांसाठी गटाने नक्की काय विकत घ्यावं?

धुऱ्यावरून
नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या शेतकरी गटाने यंदा फवारणीच्या मजुरांसाठी थोडा निधी बाजूला काढलाय. फवारा मारणारे गडी बहुतेक भूमिहीन. शेतकऱ्याच्या वावरात पंधरा दिवसांनी एकदा औषध पडतं, पण गडी रोज कुणाच्या ना कुणाच्या वावरात असतो. म्हणजे विष खरं त्याच्या अंगावर साचतं.

२०१७ च्या पावसाळ्यात आपल्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त माणसं गेली, शेकडो जण दवाखान्यात होते. त्यानंतर सुरक्षा किटं भरपूर वाटली गेली: पातळ अंगरखा, कापडी मास्क, चष्मा, हातमोजे. सकाळी अकरापर्यंत ते सगळं धुऱ्यावर (बांधावर) काढून ठेवलेलं असतं, कारण आत घामाने जीव जातो. गटातले काही जण म्हणतात, चांगल्यातले मास्क घेऊ, उरले तर बाकीचं. मला ते पटत नाही, पण ठाम सांगताही येत नाही. पैसे मोजकेच असतील तर पहिला खर्च कशावर करावा? जाणकारांनी सविस्तर लिहावं.

पंपदुरुस्ती
पहिला खर्च वायसर, होज क्लिप आणि झाकणाच्या रबरावर करा. हे हसण्यावारी नेऊ नका. पाठीवरचा १६ लिटरचा पंप तीन ठिकाणी गळतो. एक, झाकण: रबर कडक झालं की वाकताना औषध मानेवर आणि पाठीवर येतं. दोन, टाकीच्या तळाशी नळी जोडली जाते ती जागा: तिथून कमरेवर आणि मांड्यांवर थेंब थेंब. तीन, हातातला खटका: ग्लँड (गळती अडवणारं आतलं रबर) झिजली की पूर्ण वेळ तळहात आणि मनगट ओलं.

हंगामाआधी प्रत्येक पंपात साधं पाणी भरा, बॅटरी चालू करा, पाठीमागे आणि तळाशी कोरडं वर्तमानपत्र धरून दहा मिनिटं ठेवा. कागद भिजला तर पंप वावरात जाणार नाही, एवढा नियम करा. झाकणावरचं हवेचं बारीक छिद्र बुजलेलं नसावं. ते बुजलं की टाकीत हवा शिरत नाही, धार तुटते, मग गडी भरल्या टाकीचं झाकण उघडून चालतो आणि सगळं अंगावर घेतो.

वैदर्भी
@पंपदुरुस्ती, अगदी बरोबर. नोझलचंही सांगा ना भाऊ. तोंडाने फुंकतात.

पंपदुरुस्ती
हो ताई, तेच लिहिणार होतो. नोझल तुंबतं ते बहुतेक पाण्यातल्या गाळाने. टाकीच्या तोंडाची जाळी फाटलेली असते किंवा काढून फेकलेली असते. जाळी नवी बसवा, वरून सुती कापड लावून पाणी गाळून भरा, म्हणजे तुंबण्याचे प्रकार बरेच कमी होतात. तरी तुंबलंच तर जुना टूथब्रश खिशात पाहिजे आणि एक जादा नोझल. तारेने टोचू नका, छिद्र मोठं होतं आणि औषध जास्त जातं. कीटकनाशकाला पोकळ शंकूचं नोझल, तणनाशकाला पंख्यासारखी पट्टी पाडणारं. दोन्हींना एकच नोझल वापरणारे पुष्कळ आहेत. आणि तणनाशकाचा पंपच वेगळा ठेवा.

सिस्टर_पीएचसी
मास्कवाल्यांसाठी लिहिते. फवारणीत विष अंगात जातं ते मुख्यतः कातडीतून. नाकातून कमी. आणि कातडी सगळीकडे सारखी नसते. पॅराथिऑन या औषधावर माणसांवर केलेली जुनी मोजणी आहे. मनगट-कोपरादरम्यानच्या कातडीतून जेवढं शोषलं जातं ते १ धरलं, तर तळहातातून १.३, पोटावर २ च्या आसपास, डोक्याच्या कातडीतून साडेतीन-पावणेचार, कपाळातून ४ च्या वर आणि जांघेतल्या अंडकोषाच्या कातडीतून जवळजवळ १२ पट.

आता पंपदुरुस्ती भाऊंनी सांगितलेली तळाची गळती आठवा. ती नेमकी कुठे उतरते? कमरेवरून जांघेत. वरून गडी ओल्या पऱ्हाटीतून (कपाशीच्या झाडांतून) चालतो तेव्हा मांड्यांपासून पोटापर्यंत सगळं भिजतं. सुती कपडा भिजला की औषध कातडीला तासन् तास चिकटून राहतं. एवढं होत असताना तोंडावर भारी मास्क लावून काय साधणार?

धुऱ्यावरून
सिस्टर, ही १२ पटीची गोष्ट गटात कुणालाच माहीत नव्हती. मग अंगरख्याऐवजी काय?

निवृत्त_कृषी_सहाय्यक
संपूर्ण प्लास्टिकचा अंगरखा आपल्या उन्हात चालत नाही, त्याचा आग्रह सोडा. ज्या जागा भिजतात तेवढ्याच झाका. समोरून छातीपासून गुडघ्याखालपर्यंत रेनकोटच्या कापडाचा एप्रन, मागून पंप टेकतो तिथे खांद्यापासून ढुंगणापर्यंत तसाच एक तुकडा. बगला आणि बाजू मोकळ्या राहिल्या की घाम वाळतो. गावातला शिंपी दोन मीटरमध्ये शिवून देतो. आत पूर्ण बाहीचा सुती शर्ट आणि पँट. गमबूट, आणि पँट बुटाच्या बाहेर; आत खोचली तर ओघळ सरळ बुटात.

हातमोजे नायट्राइलचे (औषध न पिणाऱ्या रबराचे), कोपराच्या खालपर्यंत येणारे. कापडी किंवा चामड्याचे मुळीच नकोत, ते औषध पितात. पीक कमरेखाली असेल तर शर्टाची बाही मोज्यावर. पऱ्हाटी डोक्याएवढी झाली आणि लान्स (फवाऱ्याची लांब नळी) वर धरावा लागत असेल तर उलटं: मोजा बाहीवर आणि त्याची कड बाहेर दुमडलेली, म्हणजे खाली येणारा ओघळ कडेत अडकतो.

पऱ्हाटी
मास्क अगदीच टाकून देऊ नका बरं. कपाशी दाट आणि डोक्याच्या वर गेली की आत हवा हलत नाही, तुषार तोंडासमोर तरंगत राहतात. २०१७ ला नेमकं हेच झालं होतं: उंच वाढलेली पऱ्हाटी, दमट हवा, आणि बारीक तुषार सोडणारे जोरदार पंप. कापडी मास्क मात्र घेऊच नये, तो भिजला की नाकासमोर औषधाची पट्टी बांधल्यासारखं होतं. एन-९५ थेंब अडवतो, वाफ अडवत नाही. वाफेला कोळशाचं कार्ट्रिज असलेला अर्ध्या चेहऱ्याचा मास्क लागतो. कार्ट्रिज उघडलं की संपायला लागतं, म्हणून काम झालं की हवाबंद डब्यात ठेवायचं आणि वास यायला लागला की बदलायचं. पैसे कमी असतील तर असे दोन-तीनच घ्या, औषध कालवणाऱ्यासाठी आणि उंच पिकातल्या फवारणीसाठी.

खरा इलाज आधीचा आहे. शेंडा खुडा, युरिया आवरा, पीक डोक्यावर जाऊच देऊ नका.

द्राक्षबाग_निफाड
आमच्याकडे ट्रॅक्टरचा ब्लोअर असतो, पाठीवरचा पंप बागेत क्वचितच. पण औषध कालवताना होणारा त्रास दोन्हीकडे सारखाच. तिथे तुमचं लक्ष गेलंय का?

निवृत्त_कृषी_सहाय्यक
चांगला मुद्दा काढलात. टाकीतलं औषध पाणी घातलेलं असतं, बाटलीतलं बिनपाण्याचं, कडक असतं. त्याचे चार थेंब हातावर पडले तर अख्ख्या पंपाच्या गळतीएवढे होतात. बादलीत अर्धं पाणी, मापाने औषध, काठीने ढवळायचं, मग टाकीत. बाटली डोळ्यांच्या खाली धरायची, वारा पाठीवर. बाटलीच्या झाकणाने माप घेऊ नका, मोजमापाचा प्लास्टिकचा पेला वेगळा ठेवा. चष्मा फक्त या पाच मिनिटांना लावला तरी मोठं काम होतं, कारण फवारताना तो वाफेने आंधळा होतो आणि गडी काढून टाकतो.

आता मात्रेबद्दल. इथे फार गोंधळ आहे. पेट्रोलच्या पॉवर स्प्रेला पाणी कमी लागतं, म्हणून त्याला औषध साध्या पंपाच्या तिप्पट घालायला सांगतात. म्हणजे एकरी औषध तेवढंच, पाणी तिसरा हिस्सा. काही जण बॅटरीच्या पंपालाही ‘पॉवर’ समजतात आणि त्यात तिप्पट घालतात. बॅटरीचा पंप साध्या पंपाएवढंच पाणी टाकतो, तेव्हा एकरी औषध तिप्पट जातं आणि गड्याच्या अंगावर तिप्पट कडक पाणी पडतं.

पाणी किती जातं ते मोजून घ्या. १० बाय १० मीटरचा तुकडा आखा, टाकीत मोजून साधं पाणी भरा, गड्याने नेहमीच्या चालीने तो तुकडा फवारावा, उरलेलं पाणी मोजा. ५ लिटर लागलं असेल तर एकराला ४० पट, म्हणजे २०० लिटर, १६ लिटरच्या साडेबारा टाक्या. लेबलवरची एकरी मात्रा साडेबाराने भागा, ते एका टाकीचं माप. पीक वाढलं की पाणी वाढतं, म्हणून दर महिन्याला पुन्हा मोजा.

कृषीकेंद्र_घाटंजी
दुकानदार म्हणून लिहितो. लोक येतात आणि म्हणतात, मावा-तुडतुड्याचं, अळीचं, बुरशीचं आणि टॉनिक, सगळं एकाच टाकीत बसवून द्या. मजुरी महाग झालीय, वेगळे हात (फवारे) मारणं परवडत नाही. दोष फक्त दुकानदाराचा नाही.

सिस्टर_पीएचसी
दादा, दोष कुणाचा हे बाजूला ठेवू. पण अंगात काय होतं ते समजून घ्या. प्रोफेनोफॉस, मोनोक्रोटोफॉस, क्लोरपायरीफॉस ही एकाच घरातली, ऑर्गॅनोफॉस्फरस. यातली दोन एकत्र म्हणजे तोच घाव दोनदा. सायपरमेथ्रीनसारखी औषधं शरीर एका एन्झाइमच्या मदतीने मोडतं. ऑर्गॅनोफॉस्फरस तेच एन्झाइम बंद पाडतं, त्यामुळे दुसरं औषध अंगात जास्त वेळ टिकतं. आणि चार औषधं मिसळलेला रुग्ण आला की दवाखान्यात उतारा कशावर द्यायचा हेच कळत नाही. डायफेन्थ्युरॉनला (ते या घरातलं नाही) ॲट्रोपिनचा उतारा लागू पडत नाही, मोनोक्रोटोफॉसला पडतं.

निवृत्त_कृषी_सहाय्यक
@कृषीकेंद्र_घाटंजी, एक करता येईल. बाटलीवरचा त्रिकोण दाखवूनच विका. लाल अति विषारी, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. त्याच किडीला हिरवा किंवा निळा पर्याय असेल तर तो आधी पुढे ठेवा. मोनोक्रोटोफॉस लालमध्ये, क्लोरॲन्ट्रानिलीप्रोल हिरव्यात. हिरवा महाग पडतो हे मान्य, पण मात्रा कमी लागते आणि दोन फवाऱ्यांतलं अंतर वाढतं.

कृषीकेंद्र_घाटंजी
मान्य. बिलावर त्रिकोणाचा रंग आणि औषधाचं तांत्रिक नाव मराठीत लिहायला सुरुवात करतो. त्याने दवाखान्यातही उपयोग होईल.

वावरातली
सगळे फवारणाऱ्या गड्याबद्दल बोलताहेत. पाणी कोण वाहतं? बाया. डोक्यावर हंडा, ड्रम भरायचा, पुष्कळदा काठीने ढवळायचंही त्यांनीच. त्यांना ना मोजे ना एप्रन, आणि साडी भिजते ती संध्याकाळपर्यंत अंगावर. पोटुशी बाई या कामावर नको, अंगावर पाजणारीही नको, हे गटाने लिहून ठेवावं. फवारा झाल्यावर दुसऱ्याच दिवशी त्या वावरात निंदायला बाया जातात. कमीत कमी २४ तास, लाल-पिवळ्याला ४८ तास आत कुणी जायचं नाही. लेबलवर जास्त लिहिलं असेल तर तेवढं. धुऱ्यावर काठीला लाल फडकं बांधा, ज्याला वाचता येत नाही त्यालाही कळतं.

आणि घरी ते कपडे धुतं कोण? तिच. वेगळ्या बादलीत, मोजे घालून, आधी नुसत्या पाण्यात खंगाळून मग साबणाने, लेकरांच्या कपड्यांपासून लांब. बादलीही तीच कायम.

खानदेशी
+१. पाणी वाहणाऱ्यांना मजूर म्हणून कुणी मोजतच नाही.

धुऱ्यावरून
@वावरातली ताई, हा मुद्दा यादीत नव्हताच. घेतला. एप्रन दोघांसाठी शिवू.

पऱ्हाटी
एक गोष्ट अजून कुणी बोललं नाही. खर्रा (सुपारी-तंबाखू). पन्नीतून काढून बोटाने तोंडात. हात औषधाचे. मोजे काढून लगेच तीच बोटं. फवारणीच्या दिवशी खर्रा, बिडी, डबा सगळं वावराबाहेर, धुऱ्यापासून लांब झाडाखाली. तिथेच पाण्याची टाकी आणि साबण. साबणाने हात, मग तोंड, मग पाणी प्यायचं.

सातबारा
या सगळ्यावर माझं एक म्हणणं आहे. मजुरी पंपामागे ठरते. जितक्या टाक्या तितके पैसे. मग गडी दुपारच्या उन्हात थांबणार कशाला, हात धुवायला जाणार कशाला, गळका पंप बदलायला वेळ घालवणार कशाला? तुम्ही सोन्याचं किट दिलं तरी तो टाक्याच मोजणार. दिवसाची मजुरी ठरवा, सकाळी ७ ते १० आणि ४ नंतर एवढंच काम, आणि मधल्या वेळेचे पैसे कापू नका. गटाचा निधी त्यात घाला.

खानदेशी
@सातबारा, लहान शेतकऱ्याला हे झेपेल का? त्याचंही घर त्यावरच चालतं.

सातबारा
म्हणूनच गट पाहिजे. एकट्याने दर बदलला तर गडी शेजारच्या वावरात जातो. पूर्ण गावाने एकच दर धरला तर कुणाचं नुकसान होत नाही. आणि फवाऱ्यांची संख्या कमी झाली तर मजुरीत वाचेल. गुलाबी बोंडअळीसाठी एकरी दोन कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे) लावा. सलग तीन रात्री सापळ्यात सरासरी ८ किंवा जास्त पतंग आले तरच औषध. सुरुवातीला ५ टक्के निंबोळी अर्क: ५ किलो निंबोळीचा भरडा रात्रभर १० लिटर पाण्यात, सकाळी फडक्यातून पिळून, २०० ग्रॅम साबणाचं पाणी मिसळून एकूण १०० लिटर करायचं, त्याच दिवशी वापरायचं. शेजाऱ्याने मारलं म्हणून मी मारलं, यात दोन-तीन हात फुकट जातात.

वैदर्भी
वाऱ्याचं कुणीतरी नीट लिहा. ‘वाऱ्याच्या दिशेने’ एवढंच सांगतात आणि गड्याला त्याचा काही बोध होत नाही.

निवृत्त_कृषी_सहाय्यक
वारा पश्चिमेकडून येतोय असं धरा. मग पूर्वेच्या धुऱ्यापासून सुरू करा. तासं (पिकाच्या ओळी) उत्तर-दक्षिण असतील तर एका तासाने वर, दुसऱ्या तासाने खाली, दर खेपेला पश्चिमेकडे सरकायचं. लान्स पूर्वेच्या बाजूला. म्हणजे तुषार नेहमी आधीच फवारलेल्या भागावर जातात आणि गडी कोरड्या पऱ्हाटीतून चालतो. वारा कुठून आहे ते पाहायला मूठभर धूळ सोडा. पानं नुसती सळसळतील एवढाच वारा चालतो. बारीक फांद्या हलायला लागल्या की बंद. अगदी पडलेली हवाही नको, तुषार तिथेच लोंबकळतात.

डॉक्टर_तालुका
उशिरा आलो, पण हे महत्त्वाचं आहे. गड्याला ऊन लागलंय का विष चढलंय, हे वावरात ओळखता आलं पाहिजे. गडी चक्कर येऊन पडला तर उष्माघातात अंग भाजल्यासारखं गरम लागतं, बाहुल्या नेहमीसारख्या. ऑर्गॅनोफॉस्फरसमध्ये घाम, लाळ, डोळ्यांतून पाणी, उलटी, पोटात कळ, पातळ संडास, मांड्या-पापण्यांचे स्नायू फडफडणं आणि बाहुली टाचणीच्या टोकाएवढी. ‘डोळ्यापुढे धुरकट दिसतंय, डोकं जड झालंय’ ही पहिली तक्रार. तिथेच काम थांबवा, ‘एवढी टाकी संपवून जातो’ नाही.

करायचं काय: वावराबाहेर न्या. कपडे, बूट, करदोटा, सगळं काढा. साबण आणि भरपूर पाण्याने १५ मिनिटं धुवा, केस, कानामागे, नखं, जांघा. डोळ्यात गेलं असेल तर डोळे १५ मिनिटं साध्या पाण्याने. धुणाऱ्याने मोजे घालावेत. शुद्ध हरपत असेल तर डाव्या कुशीवर. दूध, ताक, तूप, लिंबू-मीठ काही पाजू नका, उलटी काढायला बोटं घालू नका; फुप्फुसात गेलं तर तेच जिवावर बेततं. १०८ ला फोन. बाटली किंवा लेबलचा फोटो सोबत. शंका असेल तर दिल्लीच्या एम्सचं विषबाधा माहिती केंद्र १८०० ११६ ११७ वर चोवीस तास सल्ला देतं.

सिस्टर_पीएचसी
सर, ॲट्रोपिनच्या साठ्याबद्दलही लिहा.

डॉक्टर_तालुका
लिहितो. ०.६ मिलिग्रॅमची एक ॲम्प्यूल असते. मोठ्या माणसाला पहिलाच डोस १.८ ते ३ मिलिग्रॅम, म्हणजे ३ ते ५ ॲम्प्यूल. छाती मोकळी झाली नाही तर दर ५ मिनिटांनी दुप्पट. एका गंभीर रुग्णाला पहिल्या तासात डझनावारी ॲम्प्यूल लागू शकतात. म्हणून जुलै संपायच्या आत ग्रामपंचायतीने प्राथमिक आरोग्य केंद्राला साठा किती आहे ते लेखी विचारावं. विचारलं की भरला जातो.

दुसरं: बरं वाटलं म्हणून दुसऱ्या दिवशी घरी नेऊ नका. २४ ते ९६ तासांत मान उचलता न येणं, धाप लागणं सुरू होऊ शकतं, आणि तेव्हा श्वासाच्या यंत्राची गरज पडते. घरी असलाच तर रोज सकाळी त्याला उताणा झोपवून मान उचलायला सांगा. नाही उचलता आली तर लगेच जिल्हा रुग्णालय.

सातबारा
डॉक्टरसाहेब, रक्ततपासणी?

डॉक्टर_तालुका
कोलिनेस्टरेजची. ऑर्गॅनोफॉस्फरसने रक्तातलं हे एन्झाइम कमी होतं. हंगामाआधी एकदा करून ठेवायची, तो त्या माणसाचा स्वतःचा पाया. हंगामात पुन्हा. पायापेक्षा ३० टक्के खाली आलं की लक्षणं नसली तरी फवारणी बंद, दुसरं काम द्या. माणसामाणसात आकडे फार वेगळे असतात, म्हणून पायाशिवाय एकटा अहवाल फारसं सांगत नाही. १९७१ च्या कीटकनाशक नियमांतही हे काम करणाऱ्यांच्या वैद्यकीय तपासणीची तरतूद आहे, ती कागदावर राहते.

वावरातली
आणि गेलाच कुणी तर? गोपीनाथ मुंडे अपघात योजनेत फवारणीची विषबाधा बसते, २ लाख मिळतात. पण ते सातबारा असलेल्या शेतकऱ्याला आणि त्याच्या घरच्याला. भूमिहीन गड्याच्या बायकोला तिथून काही नाही. इथे लिहिणाऱ्या सगळ्यांनी ग्रामसभेत हा ठराव मांडावा.

सातबारा
बरोबर. तोवर बँक खात्यावरचा २० रुपयांचा वार्षिक प्रधानमंत्री सुरक्षा विमा तरी प्रत्येक गड्याचा काढा, १८ ते ७० वयाला मिळतो. तो अपघाताचा आहे, त्यामुळे पंचनामा आणि दवाखान्याच्या कागदावर ‘फवारणी करताना विषबाधा’ असं स्पष्ट लिहून घ्या. नुसतं ‘विषप्राशन’ लिहिलं की आत्महत्येचा संशय येतो आणि दावा अडकतो.

धुऱ्यावरून
सगळ्यांचे मनापासून आभार. गटापुढे असं मांडतो: आधी प्रत्येक पंपाची कागदाची परीक्षा आणि सुट्या भागांची पेटी, मग फवारणाऱ्यांना आणि पाणी वाहणाऱ्या बायांना एप्रन आणि नायट्राइल मोजे, धुऱ्यावर २०० लिटरचा स्वच्छ पाण्याचा ड्रम, साबण, कोरडे कपडे, कार्ट्रिजचे तीनच मास्क, दिवसाची मजुरी, विमा. कोलिनेस्टरेजचं आरोग्य केंद्राशी बोलतो.

पंपदुरुस्ती
ड्रमला नळ बसवून घ्या भाऊ. तांब्या बुडवला की औषधाचे हात ड्रममध्ये जातात.

निवृत्त_कृषी_सहाय्यक
आणि रिकाम्या बाटल्या. चौथा हिस्सा पाणी, झाकण लावून अर्धा मिनिट हलवा, ते पाणी टाकीतच ओता, असं तीनदा. मग खिळ्याने भोकं पाडा, म्हणजे कुणी रॉकेल-तेलाला नेणार नाही. जाळू नका, नाल्यात टाकू नका.

वैदर्भी
@धुऱ्यावरून, बैठक कधी आहे? आमच्या गटातल्या दोघींना पाठवते. पाणी वाहणाऱ्या आहेत, त्यांनाच बोलू द्या.